धांड्याची गाडी आणि शंभराची अट

ज्वारी गेली तेव्हा तिच्याबरोबर खेळणीही गेली, याची नोंद कुठल्याही पीकपाहणीत सापडणार नाही. वऱ्हाडात आणि वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यात कापसाच्या जोडीला ज्वारी असायची तेव्हा घरोघरी कडब्याची गंजी लागलेली असे. त्यातलं एक जाडसर धांडं ओढायचं, साल सोलायची, आतल्या मऊ पांढऱ्या गाभ्याचे तुकडे पाडून चाकं करायची, सालीच्या काड्या खुपसून साटी आणि जू जोडायचं. झाली बैलगाडी. चष्मा तर त्याहून लवकर व्हायचा. पुढे सोयाबीन पसरलं, 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि ज्वारीचा पेरा आटत गेला. भाव नाही, सोंगायला माणूस नाही, उभ्या कणसावर पाखरं आणि रानडुकरं. शेतकऱ्यानं ज्वारी सोडली ती नाइलाजानं सोडली. पण सोयाबीनच्या कुटारातून लेकराला करून देण्यासारखं काही निघत नाही.

खेळण्यांची उणीव बाजारानं केव्हाच भरून काढली. आठवडी बाजारात प्लास्टिकचा ट्रॅक्टर मिळतो, लेकरू त्यावरही खूश असतं. भरून निघाली नाही ती वेगळीच गोष्ट. गाडी करून देण्यासाठी आजा नाहीतर बाप लेकराशेजारी उकिडवा बसायचा, आणि तेवढा वेळ दोघांचीही नजर एकाच धांड्यावर असायची. ते बसणं गेलं.

मूल झालं की जग पुन्हा नव्यानं दिसायला लागतं, असं सगळेच म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. मूल झाल्यानं झोप जाते, खर्च वाढतो, जबाबदारी येते, हे नक्की. जग नवं दिसायला मात्र मुलाबरोबर खाली बसून हातानं काहीतरी करावं लागतं: माती कालवावी लागते, कोळशानं रेघ ओढावी लागते, काडीला काडी जोडावी लागते. आणि त्याला वेळ लागतो, जागा लागते, साहित्य लागतं, दाखवणारं माणूस लागतं. या चारही गोष्टी विदर्भाच्या खेड्यात आज कमी पडताहेत. त्या ज्यानं त्यानं आपापल्या घरात निस्तरायच्या आहेत, असं आपण धरून चाललो आहोत. माझं म्हणणं असं की हा गावाचा, शाळेचा आणि सरकारचा प्रश्न आहे, आणि तो तसाच मांडला पाहिजे.

आधी हे जग नवं दिसणं म्हणजे काय, ते सांगतो. माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना ओसरीच्या फरशीवर कोळशानं माणूस काढायची. एक वाकडा गोल, आत दोन ठिपके, गोलाच्या खालून थेट निघालेले दोन लांब पाय आणि बाजूंनी दोन हात. धड नावाची गोष्टच नाही. माझी आई चष्मा सावरून वाकली आणि म्हणाली, "हात कानातून निघाले का वं याचे?" मी विचारलं, "याचं पोट कुठं आहे?" तिनं गोलावर बोट ठेवलं. "हे काय, इथंच तर हाये. यानं जेवण केलं ना आत्ता." तिच्या लेखी त्या गोलात डोळेही होते, पोटही होतं आणि नुकतीच खाल्लेली भाकरही होती.

जगातली बहुतेक मुलं तीन-चार वर्षांच्या वयात माणूस असाच काढतात, डोक्यालाच हातपाय फुटलेला. त्याआधी नुसत्या गिरगोट्या असतात. मग एक दिवस फिरत्या रेघेची दोन टोकं जुळतात आणि गोल बंद होतो. ही केवढी मोठी उडी आहे! आता त्या रेघेला आत आणि बाहेर आलं. जन्मलेल्या बाळाला वीस-तीस सेंटीमीटरपलीकडचं धूसर दिसतं, म्हणजे पाजणाऱ्या आईचा चेहरा दिसतो तेवढंच. तिथून निघालेलं माणूस तीन वर्षांत कोळशाच्या एका रेघेनं दुसरं माणूस घडवायला लागतं. हे आपल्या ओसरीवर घडत असतं आणि आपण त्यावर फडकं मारून मोकळे होतो.

मी तिच्याशेजारी बैल काढायला बसलो. तोंड झालं, वशिंड झालं, शिंगं झाली आणि कानाशी हात थबकला. कान शिंगाच्या पुढे असतो, मागे असतो की खाली? जन्म गोठ्याशेजारी गेला, लहानपणापासून बैलांना पाणी दाखवलं, पोळ्याला त्यांची शिंगं रंगवली. तरी हात पुढे जाईना. आम्ही दोघं उठून गोठ्यात गेलो. कान शिंगाच्या खाली असतो, किंचित मागे आणि आडवा, आणि माशी बसली की दोन्ही कान वेगवेगळे हलतात. मुलीनं ते पाहिलं, मीही पाहिलं, आणि मी तर ते पहिल्यांदाच पाहिलं. त्या संध्याकाळी गोठ्यातून बाहेर येताना मला जो आनंद होता तो मला मुलीनं दिला असं म्हणणं सोपं आहे. तो दिला अडलेल्या रेघेनं. मुलीमुळे मी जमिनीवर बसलो, एवढं तिचं देणं. पाहायला लावलं ते चित्रानं. चित्र सुंदर यावं लागत नाही. ते काढताना कुठंतरी अडावं लागतं आणि अडलं की उठून पाहायला जावं लागतं.

फाल्गुनात चाकोल्यांचंही असंच. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: होळीच्या आधी काही दिवस पोरं ताज्या शेणाच्या छोट्या छोट्या चकत्या थापतात, बोटानं मधोमध भोक पाडतात, वाळल्या की सुतळीत ओवून माळ करतात आणि ती होळीत घालतात. चकत्यांच्या जोडीला चंद्र, सूर्य, पान, नारळ असे आकार असतात. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. शेण फार ओलं असेल तर आकार ढासळतो, फार कोरडं असेल तर कड फाटते. भोक वाळल्यावर पाडता येत नाही. आणि आई म्हणते तसं, "एकदम उन्हात ठेवशीन तर तडकतीन, आधी सावलीत सुकू दे." शेणात गवताचे धागे किती आहेत यावर चाकोली किती टिकेल ते ठरतं, आणि धागे किती ते जनावरानं काय खाल्लं यावर. चरून आलेल्या गाईचं आणि ढेप खाणाऱ्या गाईचं शेण हाताला वेगवेगळं लागतं. हे ज्ञान माझ्या आईच्या बोटांत आहे. ते माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मुलीच्या निमित्तानं बोटांत आलं. मुलीनं चंद्र-सूर्याच्या पंगतीत एक जेसीबी थापला. आईनं तोही माळेत ओवला, सूर्याच्या शेजारी.

यावर पहिला आक्षेप घरातूनच आला. लांबचे एक काका अंगणात उभे राहून म्हणाले, "बाप्या माणसानं शेण थापत बसावं का बे? वावरात कामं का कमी हायेत?" या वाक्यात दोन आक्षेप आहेत. पुरुषानं हे करावं का, हा एक, आणि कामं पडलेली असताना करावं का, हा दुसरा. दुसरा अधिक वजनदार आहे म्हणून तो आधी घेतो, कारण शहरातले सुशिक्षित मित्रही तो वेगळ्या शब्दांत घेतात. ज्या भागाची ओळख देशाला शेतकरी आत्महत्यांमुळे झाली, जिथं कापसाचा भाव घराचं वर्ष ठरवतो, तिथं कला आणि कुतूहल हे पोट भरल्यानंतरचे विषय नाहीत का?

माझं उत्तर 'नाही' असं आहे आणि त्याचा पुरावा याच मातीत आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा हा झाडीपट्टीचा मुलूख काही श्रीमंत नाही. तरी धान निघालं की तिथं गावोगावी रात्रभर नाटकं रंगतात. देसाईगंज-वडसा हे नाट्यमंडळांचं मोठं केंद्र, आणि लोक तिकीट काढून, लेकरांना चादरीत गुंडाळून, उघड्यावर पहाटेपर्यंत बसतात. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. पोळ्याच्या झडत्या, म्हणजे बैलांपुढे म्हणायची यमकी गाणी, घ्या. तोरणाखाली बैल उभे असतात आणि एकेक गडी पुढे येऊन झडती म्हणतो. त्यात महादेव-पार्वती असतात, सावकारही असतो, पुढारी असतो, पडलेला भाव असतो. संकटाच्या वर्षी झडत्या थांबत नाहीत. उलट अधिक धारदार होतात.

आणि जिवती. आषाढ अमावास्येच्या सुमाराला दारावर किंवा देवघराच्या भिंतीवर जिवतीचा कागद लागतो. त्यावर नरसिंह असतो, कालियामर्दन असतं, बुध-बृहस्पती असतात, आणि लेकरं अंगाखांद्यावर घेतलेल्या जरा-जिवंतिका असतात. श्रावणातल्या शुक्रवारी आई तिची पूजा करते, लेकरांना ओवाळते, आणि जी लेकरं दूर गावी असतील त्यांच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकते. ज्या काळात घरोघरी पाळणे रिकामे होत होते त्या काळातली ही पूजा आहे. आपलं मूल जगेल की नाही या सगळ्यांत मोठ्या भीतीशी बायांनी एक चित्र आणून ठेवलं, आणि त्या चित्रात मुलं खेळताहेत, झोके घेताहेत. पोट भरल्यावर सुचलेली ही कला नाही. जीव मुठीत होता तेव्हाची आहे. म्हणून गरिबाला आधी पोट आणि मग चित्र, असा क्रम लावणाऱ्यांनी गरिबांची घरं नीट पाहिलेली नाहीत असं मला वाटतं.

आक्षेपाचा एक भाग मात्र खरा आहे, आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. दसरा-दिवाळीपासून कापसाची वेचणी सुरू होते. वेचणारी बाई किलोवर मजुरी घेते. सकाळी स्वयंपाक आटोपून ती वावरात जाते, तान्हं असेल तर बाभळीच्या फांदीला झोळी बांधते आणि पाठीला कापसाचा ओटा (वेचलेला कापूस टाकायची झोळी) बांधून आपल्या ओळीला लागते. तिनं लेकराशेजारी बसून माती कालवायचं म्हटलं तर तेवढी मजुरी बुडते. तिला वेळेचं महत्त्व सांगणं हा अपमान आहे, कारण तिच्याइतका मिनिटामिनिटाचा हिशेब कोणीच ठेवत नाही. तिच्यासाठी कुतूहलाचा प्रश्न हा पाळणाघराचा प्रश्न आहे. अंगणवाडी काही तास चालते आणि मजुरीचा दिवस त्याहून मोठा असतो. 2022 मध्ये केंद्राच्या मिशन शक्तीत 'पाळणा' योजना आली, अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड देण्याची कल्पना त्यात आहे. कापूसपट्ट्यात ती निदान वेचणीच्या महिन्यांत गावोगावी दिसली पाहिजे. तिथं मुलांना नुसतं सांभाळून चालणार नाही. तिथं माती, पाणी, खडू, काड्या हव्यात. आणि संध्याकाळी आई न्यायला येईल तेव्हा लेकरानं दिवसभरात काय केलं ते ठेवलेलं असावं, तिला दाखवायला. दमलेल्या आईला पाच मिनिटंच मिळतील. ती पाच मिनिटं तिच्या हक्काची आहेत.

आता काकांचा पहिला आक्षेप. पुरुषानं हे करावं का? यात दोन गाठी आहेत, बाई-पुरुषाची एक आणि जातीची दुसरी. बाई-पुरुषाची सगळ्यांना दिसते. भुलाबाई घ्या. भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर मुली संध्याकाळी भुलाबाई-भुलोजीसमोर टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात, मग खिरापत ओळखायचा खेळ होतो, डबा हलवून आवाजावरून आत काय आहे ते सांगायचं. शेंगदाणे कसे वाजतात, फुटाणे कसे वाजतात, आणि शिरा वाजतच नाही! इतका सुंदर कानांचा अभ्यास, आणि त्यातून मुलगे वगळलेले, बाप तर पार बाहेर. खिरापत करायची आईनं, ओळखायची मुलींनी, आणि बापानं चौकात बसायचं. मी तर म्हणेन खिरापत एकदा बापानं करावी. मुली ओळखू शकणार नाहीत असं काय डब्यात घालावं याचा विचार करताना त्यालाही घरातल्या वस्तूंचे आवाज पहिल्यांदा ऐकू येतील.

जातीची गाठ अधिक घट्ट आहे आणि तिच्याबद्दल आपण बोलत नाही. आपल्या गावात हातानं घडवणं हे नेहमीच कुणाच्या तरी माथी मारलेलं काम होतं. माती कुंभाराची, बांबू बुरडाचा, लाकूड सुताराचं, लोखंड लोहाराचं. ज्याच्याकडे जमीन होती त्यानं सुगीला धान्य मोजून द्यायचं आणि वस्तू घ्यायची. स्वतः हात घालायचा नाही. ज्यांनी घडवलं त्यांना ना जमीन मिळाली ना मान. म्हणून शेतकऱ्याच्या पोरानं मातीची बैलजोडी केली तर कौतुक होतं, पण दहावी झालेल्या कुंभाराच्या पोराला तेच करताना लाज वाटते, आणि त्याच्या बापाला तर वाटतं की या चिखलातून पोरगं एकदाचं सुटावं. त्या बापाचं चुकतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कला रोजच्या जगण्यात आणायची असं मी म्हणतो तेव्हा ज्यांच्या रोजच्या जगण्यातून ती कधी गेलीच नव्हती त्यांना तिचा मोबदला आणि मान आधी मिळायला हवा. नाहीतर आपण सणावारी मातीत हात घालू, फोटो काढू आणि ज्याच्या चाकावर ती माती फिरते त्याला विसरू.

साहित्याचा प्रश्नही तितकाच सार्वजनिक आहे. बांबू हे गवत असूनही कायद्यात झाड होतं. जंगलाबाहेर वाढलेल्या बांबूची त्या व्याख्येतून सुटका व्हायला 2017 उजाडावं लागलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला आपल्याच जंगलातला बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना हाती यायला 2011 पर्यंत झगडावं लागलं. बुरडाच्या पोरीच्या हातात काय येणार हे तिची कल्पनाशक्ती ठरवत नव्हती, कायदा ठरवत होता.

तान्हा पोळ्याबद्दल मला राग आहे आणि तो लपवत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा हा पोळा भरतो. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी तो सुरू केल्याचं सांगतात. चाकं लावलेला लाकडी नंदी सजवायचा, दोरी धरून घरोघरी न्यायचा, बायांनी नंदीला ओवाळायचं आणि मुलाच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, ठेवायचा. आज ट्रॅक्टरमुळे कित्येक गोठ्यांत खरा बैल उरलेला नाही, तेव्हा काही मुलांसाठी हाच त्यांच्या घरचा एकमेव बैल असतो. या दिवशी बाप आणि मूल मिळून काय काय करू शकतात! बेगड कापणं, झूल शिवणं, मठाटी (बैलाच्या कपाळावरचा साज) रंगवणं, चाक अडखळत असेल तर आसाला तेल देणं. आणि आपण काय केलं? स्पर्धा केली. उत्कृष्ट नंदी, उत्कृष्ट वेशभूषा, प्रथम, द्वितीय, प्रोत्साहनपर, मंचावर पाहुणे आणि माइक. स्पर्धा आली की मोठ्यांना जिंकायचं असतं. मग तयार सजावट बाजारातून येते, नंदी भाड्यानं येतो, मुलाच्या हाताला रंग लागू दिला जात नाही कारण त्यानं मिशी काढलेली असते आणि कपडे भाड्याचे असतात. ज्याच्या बापाला हे परवडत नाही ते पोर आपला जुना, एक शिंग मोडलेला नंदी घेऊन रांगेच्या शेवटी उभं राहतं. आयोजकांची नियत वाईट नसते, गावात चार माणसं जमावीत एवढंच त्यांना वाटतं. पण बक्षिसाच्या पैशात गावच्या सुताराला दोन दिवस चौकात बसवता येतं. ज्याच्याकडे नंदी नाही त्याला लाकडाचा तुकडा द्या, बाप-लेकानं तासावं, सुतारानं हात धरून दाखवावं. नंबर कशाला हवा?

शाळेकडे वळतो, कारण सरकारचा हात सगळ्यांत थेट तिथं पोचतो. हा भाग मला फार लागतो, कारण ज्या कल्पनेची आज शाळांना गरज आहे ती याच विदर्भात, वर्ध्यात जन्मली. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी वर्ध्यात शिक्षण परिषद बोलावली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं आराखडा केला, आणि हाताच्या कामातून सगळं शिक्षण देणारी नयी तालीम उभी राहिली. मुलांनी कातलेल्या सुतातून शाळेचा खर्च निघावा या कल्पनेवर तेव्हाच टीका झाली होती आणि ती टीका मला रास्त वाटते. मुलाच्या कामाचं मोल बाजारभावानं लावलं की ते शिक्षण राहत नाही, मजुरी होते. पण सेवाग्रामला आणखी एक प्रवाह आला. शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार आणि कुंभार देवी प्रसाद 1944 मध्ये तिथं आले आणि मुलांना कला शिकवू लागले. कला ही शिक्षणात चवीपुरती घालायची गोष्ट नाही, तिच्याच पायावर शिक्षण उभं राहावं, ही त्यांची भूमिका. मुलाचं चित्र मोठ्यांच्या चित्राची कच्ची नक्कल नसून ती त्याची स्वतःची पाहण्याची रीत आहे, हे त्यांनी खेड्यातल्या मुलांबरोबर काम करत मांडलं. सेवाग्राम माझ्या गावाहून फार दूर नाही. आमच्या तालुक्यातल्या शाळांमध्ये मात्र या विचाराचा मागमूस लागत नाही.

लागणार कसा? शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अंशकालीन निदेशक द्यावेत असं लिहिलं आहे, पण अट अशी की पट शंभरावर हवा. विदर्भातल्या खेड्यात सहावी ते आठवी मिळून शंभर मुलं किती शाळांत असतील? पहिली ते पाचवीला तर हाताला खरं वळण लागण्याचं वय, आणि त्यांच्यासाठी ही तरतूदच नाही. म्हणजे गाव जेवढं लहान तेवढी कला कमी, असा कायद्याचा हिशेब आहे. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा मोठ्या शाळेत कला-क्रीडेच्या सोयी मिळतील असं कारण देता येतं हे मला कळतं. पण सहा वर्षांचं पोर गाडीत बसून दुसऱ्या गावी गेलं की आई-बाप शाळेच्या अंगणात येणं बंद होतं, आणि माझ्या मुद्द्याचा जीवच तिथं आहे. मुलं शिक्षकाकडे नेण्यापेक्षा निदेशक चार गावांत फिरवा. आठवड्यातला एक दिवस एका गावाला आला तरी पुष्कळ झालं.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं एक दार किलकिलं केलं आहे. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे शिकावं, असं त्यात आहे. चांगलं आहे, पण उशिरा आणि थोडं आहे. आणि जाणकाराला त्या दिवसांचे पैसे मिळणार का, हे ठरल्याशिवाय कुंभारानं आपलं चाक थांबवून मुलांना का शिकवावं? दुसरीकडे 2021 पासून वाचन-लेखन आणि गणिताच्या पायासाठी केंद्राचं निपुण भारत अभियान आलं. मुलाला वाचता-लिहिता, गणित करता आलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. मात्र त्याची मोजणी होते आणि कलेची होत नाही, म्हणून कलेचा तास सगळ्यांत आधी मोजणीच्या तयारीला जातो. शिक्षकांना दोष देऊ नये, त्यांच्याकडे माहिती भरायचे तक्तेच इतके असतात. हायस्कुलात गेल्यावर चित्रकलेला एकदम भाव येतो, कारण एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांचे दहावीला जादा गुण मिळतात. तोवर सात-आठ वर्षं त्या हातानं फक्त फळ्यावरचं उतरवलेलं असतं.

मोबाइलवर मला फार लिहायचं नाही, कारण सगळा दोष त्याच्यावर टाकणं ही पळवाट आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना तासाभराच्या वर दाखवू नये. सल्ला योग्य आहे. पण लेकराच्या हातातला मोबाइल काढला आणि त्याच्या शेजारी कोणी बसलंच नाही, तर त्याला मिळालं काय?

मग करायचं काय? शंभराची अट काढणं केंद्र सरकारच्या हातात आहे, त्यासाठी आमदार-खासदारांना धरावं लागेल आणि ते चालू ठेवावं लागेल. पण काही गोष्टींना मुंबई-दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्या पैशातून बहुतेक ठिकाणी काय घेतलं जातं ते गावकऱ्यांना माहीत आहे. त्यात वर्षभराचे खडू, रंग, कागद आणि मातीची एक ट्रॉली सहज बसते. सुतार, बुरड, कुंभार आणि चाकोल्या थापणाऱ्या म्हाताऱ्या यांना अंगणवाडीत आणि शाळेत ठरावीक दिवशी बोलावून मानधन देणं बसतं. शाळेच्या एका भिंतीला दर सुट्टीनंतर चुना मारून ती मुलांसाठी मोकळी सोडणं बसतं, सुविचार आणि नेत्यांची चित्रं दुसऱ्या भिंतींवर राहू द्या. संध्याकाळी शाळेच्या आवाराला कुलूप न लावता आई-बापांनी लेकरांसोबत तिथं बसावं, हे तर फुकटच होतं; फक्त किल्ली कोणाकडे राहील ते ठरवावं लागतं.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेला बहुधा पोळ्याला थोडे दिवस उरलेले असतात. विषयपत्रिका निघण्याआधी सचिवांकडे लेखी अर्ज द्यायचा: तान्हा पोळ्याच्या बक्षिसांची रक्कम सुताराच्या मजुरीला आणि लाकडाला वळती करावी, बालकल्याणाच्या 10 टक्क्यांतून कला-साहित्याचा स्वतंत्र खर्च दाखवावा, वेचणीच्या हंगामात अंगणवाडीत पाळणाघर चालवण्याची मागणी तालुक्याला पाठवावी. अर्जाची पोच घ्यायची. सभेला बाया येतील अशी वेळ ठेवा हेही त्याच अर्जात लिहायचं, कारण पहिल्या दोन मागण्यांवर पुरुष मान डोलावतील, तिसरीसाठी मात्र वेचणाऱ्या बाया स्वतः सभेत असायला हव्यात.